रूप एक, कुळे निराळी

आपल्या समाजाची कोणतीही सभा घ्या. मंडळाची निवडणूक असो की जयंतीच्या वर्गणीचा हिशेब असो, वाद वाढला की कोणीतरी उठून म्हणतोच, "आपला समाज म्हणजे खेकड्यांची टोपली! एक वर चढला की दुसरा त्याचा पाय ओढतो." लोक हसतात, माना डोलावतात आणि चहा घेऊन घरी जातात. ती टोपली कोणी विणली आणि खेकड्यांना तिच्यात कोणी टाकले, हे मात्र कोणी विचारत नाही. ओढ्यातला, बांधावरचा खेकडा आपले बीळ उकरतो, भक्ष्य शोधतो, आपल्यापुरता जगतो. टोपलीतले वागणे त्याला टोपलीने दिलेले असते.

वाचकहो, ज्याचा असा उठता-बसता उद्धार होतो त्या खेकड्याची खरी गोष्ट फार वेगळी आहे. पावसाळ्यात शेतमजुरी करून परतताना आपल्या मागच्या पिढ्यांनी बांधावरून पकडून आणलेला, चुलीवर रस्सा होऊन ताटात आलेला हा प्राणी विज्ञानातील एक मोठे कोडे उलगडून दाखवतो. ते कोडे असे : दोन जीव दिसायला सारखे असले म्हणजे ते एकाच कुळातले असतात का?

विज्ञानाचे उत्तर आहे, असतीलच असे नाही. खेकड्याचे हे रूप निसर्गात किमान पाच वेळा, निरनिराळ्या कुळांत, स्वतंत्रपणे घडले आहे.

पाय मोजा, कूळ कळेल

खेकडा, कोळंबी, शेवंड, विंचू, कोळी, गोम, झुरळ हे सारे एका मोठ्या गटातले प्राणी. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'संधिपाद' म्हणतात. अंगाबाहेर कठीण कवच, सांध्यासांध्यांचे पाय आणि वाढताना जुने कवच टाकून नवे धारण करणे, ही त्यांची ओळख.

शेवंडीचे अंग लांबट असते आणि मागे जाड शेपूट असते. खेकड्याला शेपूट दिसत नाही, पण ती असते. खेकडा साफ करताना आपल्या आया-बहिणी पोटाखालची जी चपटी पट्टी उपटून काढतात, तीच त्याची शेपूट. ती पोटाखाली दुमडलेली आहे. नराची पट्टी निमुळती आणि मादीची रुंद असते, कारण मादी तिच्याखाली आपली अंडी सांभाळते. पाठ पसरट, शेपूट पोटाखाली आणि बाजूंना पाय, हे झाले खेकड्याचे रूप.

आता पाय मोजा. पुढे दोन नांगे (कोणी त्यांना डेंगे म्हणतात) आणि त्यांच्यामागे चालण्याच्या पायांच्या चार जोड्या. ओढ्यातला काळा खेकडा घ्या, नाहीतर खाडीतली चिंबोरी घ्या, हिशेब हाच येतो. हे खरे खेकडे.

पण कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलटला तर कधीकधी नखाएवढा चपटा खेकडा पळताना दिसतो. धरला की पाय तोडून देऊन निसटतो. इंग्रजीत त्याला चिनी मातीचा खेकडा म्हणतात. पाठ तशीच, नांगे तसेच. मात्र त्याच्या नांग्यांमागे चालण्याच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतात. चौथी जोडी अगदी बारीक असून कवचाखाली दडवलेली असते. हा खऱ्या खेकड्यांच्या कुळातला नाही. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे शंखात राहणारे खेकडे आणि त्यांची भावंडे.

याहून नवलाची गोष्ट आहे ती अलास्काच्या थंड समुद्रातील 'किंग क्रॅब' म्हणजे राजखेकड्याची. त्याने पाय पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसाच्या उंचीएवढे भरतात. असा हा राजा, पण त्याच्याही पायांच्या तीनच जोड्या दिसतात आणि मादीचे पोट एका बाजूला झुकलेले असते. शंखाच्या पिळात राहणाऱ्या खेकड्याचे पोट असेच वाकडे असते. राजा शंखात राहत नाही, पण पूर्वजांच्या शंखाची खूण त्याच्या पोटावर राहिली आहे. १९९२ साली शास्त्रज्ञांनी या प्राण्यांच्या पेशींतील डीएनए ताडून पाहिला. राजखेकडा शंखवासी खेकड्यांच्याच वंशातून आला, असा निर्वाळा त्यातून मिळाला.

निरनिराळ्या कुळांनी खेकड्याचे रूप घेण्याच्या या क्रियेला १९१६ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ बोराडेल यांनी स्वतंत्र नाव दिले. पुढे २०२१ साली शास्त्रज्ञांनी सर्व पुरावा एकत्र मांडला आणि हे किमान पाच वेळा घडल्याचा हिशेब दिला. वेगळ्या कुळांतील जीव सारख्या परिस्थितीत राहून एकसारखे होत जातात, याला 'अभिसारी उत्क्रांती' म्हणतात.

डोक्यावरचा भार आणि चुंबळ

हे कसे घडते? एक घरगुती दाखला घेऊ. आपल्याकडे बाई डोक्यावर हंडा किंवा विटांचे घमेले घेते तेव्हा आधी फडक्याची गोल चुंबळ करून डोक्यावर ठेवते. आफ्रिकेतील अनेक देशांच्या बायाही अशीच चुंबळ करतात. त्यांनी ती आपल्याकडून घेतलेली नाही, आपणही त्यांच्याकडून घेतलेली नाही. भार तोच, डोके तसेच, म्हणून उपायही तोच निघाला.

निसर्गातही प्रश्न सारखा असला की उत्तर सारखे निघू शकते. फरक एवढाच की बाई विचार करून चुंबळ करते, खेकड्याने काही ठरवले नव्हते. 'मी शेपूट दुमडून घेईन' असे कोणत्याही प्राण्याच्या मनात आले नाही आणि वर बसलेल्या कोणी तसा आराखडाही काढला नाही. एकाच आईची पिल्ले तंतोतंत सारखी नसतात. कोणाची शेपूट जरा आखूड, कोणाची पाठ जरा पसरट. खडकांच्या फटीत राहणाऱ्या आणि माशांचे भक्ष्य होणाऱ्या प्राण्याला लांब, मांसल शेपूट हा धोकाच. ती ज्याने पोटाखाली घेतली तो फटीत चटकन शिरला, बाजूला पळाला, वाचला. जो वाचला त्याचीच पिल्ले पुढे आली. असे लाखो पिढ्या चालले आणि रूप बदलत गेले. १८५९ साली चार्ल्स डार्विनने आपल्या ग्रंथात ज्या 'नैसर्गिक निवडी'चा सिद्धांत मांडला, तो हाच. या रूपामागे आणखी कोणती कारणे असतील यावर शास्त्रज्ञांत आजही चर्चा चालते, पण क्रिया हीच आहे.

खुद्द डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे एका क्षुद्र वाटणाऱ्या जीवाच्या अभ्यासात घालवली होती. समुद्रकाठच्या खडकांना, होड्यांच्या तळाला पांढरे, टणक, धारदार कवच चिकटलेले असते, अनवाणी पायाला कापते, तो हा जीव. इंग्रजीत त्याला 'बार्नॅकल' म्हणतात. दिसायला तो थेट शिंपल्यांचा भाऊ. मोठमोठ्या पंडितांनीही त्याला शिंपल्यांच्याच वर्गात घातले होते. परंतु १८३० साली व्हॉन थॉम्प्सन नावाच्या संशोधकाने त्याचे बालपण पाहिले. अंड्यातून निघालेले पिल्लू शिंपल्याचे नव्हतेच! ते खेकडा-कोळंबीच्या कुळातले, पायांनी पोहणारे पिल्लू होते. मोठेपणी ते खडकाला चिकटते, भोवती कवच रचते आणि शिंपल्यासारखे दिसू लागते.

खेकडा जन्मण्याआधीचे नांगे

आता फार मागे जाऊ. समुद्रात 'सागरी विंचू' राहत होते. आजच्या विंचू-कोळ्यांच्या जवळचे हे संधिपाद सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्यांचे अवशेष खडकांत सापडतात. त्यांपैकी एकाचा नांगा जर्मनीत ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मिळाला. २००७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. एकटा नांगाच ४६ सेंटिमीटर लांब! त्यावरून त्या प्राण्याची लांबी सुमारे अडीच मीटर असावी असा अंदाज शास्त्रज्ञांनी केला. म्हणजे आपल्या खोलीच्या दारातून तो उभा आत येऊ शकला नसता.

हा नांगा शेवंडीच्या किंवा खेकड्याच्या नांग्यासारखा, पण बनला मात्र निराळ्या अवयवातून. खेकड्याचा नांगा म्हणजे त्याच्या पायांची पहिली जोडी. सागरी विंचवाचा नांगा तोंडापुढच्या अवयवांचा. कोळ्याच्या अंगात याच अवयवांचे विषारी दात झालेले असतात. एकाने पायाची पकड केली, दुसऱ्याने जबड्याची. भक्ष्य धरायचे हा प्रश्न एक, म्हणून उत्तर एक.

दुसरी खूण तर आपल्या बाजारात पाहता येते. चिंबोरी विकत घ्याल तेव्हा तिच्या पायांची सर्वांत मागची जोडी पाहा. बाकीचे पाय टोकदार, ही जोडी मात्र चपटी, होडीच्या वल्ह्यासारखी. चिंबोरी तिच्या जोरावर पोहते. ओढ्यातल्या काळ्या खेकड्याचे मागचे पाय तसे नसतात, कारण तो चालतो आणि बीळ उकरतो. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी विंचवांच्याही शेवटच्या पायांची अशीच वल्ही झालेली होती. त्या वेळी जगात एकही खेकडा नव्हता. सागरी विंचू संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी खरे खेकडे आले. मग ही वल्ही वारशाने आली कशी म्हणावी? पाणी तेच होते आणि पाणी कापायला चपटा पायच लागतो, एवढेच त्याचे कारण.

सागरी विंचवांच्याच काळात 'ट्रायलोबाइट' नावाचे प्राणीही समुद्रात होते. पाठीवर उभे तीन भाग, आडव्या पट्ट्यांचे चिलखत. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी ते दिसू लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती खडकांतून ओळखल्या गेल्या आहेत. हिमाचल प्रदेशात स्पितीच्या खोऱ्यातही त्यांचे अवशेष मिळतात. आपल्या सह्याद्रीत ते मिळायचे नाहीत. ज्या काळ्या कातळात भिक्खूंसाठी कार्ले आणि अजिंठ्याची लेणी कोरली गेली, तो कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी संपले होते.

अनेक ट्रायलोबाइट गोल गुंडाळलेल्या स्थितीत दगड झालेले सापडतात. शत्रू आला की ते मऊ पोट आत घेऊन चिलखताची गोळी करीत. मुलांनो, ओलसर जागी ठेवलेली कुंडी किंवा वीट उचलून पाहा. खाली राखाडी, पट्ट्यापट्ट्यांच्या पाठीचे बारीक जीव असतात. त्यांतल्या काहींना बोट लावले की ते लगेच मिरीच्या दाण्यासारखी गोळी होतात. ते किडे वाटतात, पण आहेत खेकड्यांचे दूरचे नातलग, पाण्यातून जमिनीवर आलेले. ट्रायलोबाइटचे ते वंशज नाहीत. संरक्षणाची तीच युक्ती त्यांच्या कुळात पुन्हा नव्याने घडली.

शिडी नव्हे, झाड

यावरून कोणी म्हणेल, मग खेकडा होणे हेच निसर्गाचे ध्येय आहे काय? तसे मुळीच नाही. काही कुळांनी हे रूप घेऊन पुढे सोडूनही दिले. वाळूत शिरून राहणाऱ्या बेडूक-खेकड्यांचे अंग पुन्हा लांबट झाले, कारण वाळूत घुसायला लांबट अंग बरे पडते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात नऊ ते साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा एक नामशेष खेकडा मिळाला. २०१९ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचे डोळे मोठमोठे, पाय वल्ह्यांसारखे आणि अंग लहानसे. खेकड्यांच्या कुळात जन्मूनही तो खेकड्यासारखा दिसत नव्हता!

तेव्हा उत्क्रांती ही शिडी नाही. तिच्यात कोणी वरच्या पायरीचा आणि कोणी खालच्या पायरीचा नसतो. ती फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी आहे. कारणे बदलली की रूप बदलते. कारणाशिवाय काही घडत नाही आणि घडलेले काही कायम टिकत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. खेकड्याच्या पाठीवर तिचा दाखला पाहायला मिळतो.

नाकाची मोजपट्टी

रूपावरून कूळ ठरवण्याची घाई प्राण्यांच्या बाबतीत चुकली तर पुस्तकातील एक पान दुरुस्त करावे लागते. माणसांच्या बाबतीत तीच घाई झाली तेव्हा माणसांची आयुष्ये तिच्याखाली भरडली गेली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी भारतीय लोकांची नाके मोजण्याचा खटाटोप केला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा होता. म्हणजे जन्माची उच्चनीचता चेहऱ्यावर छापलेली आहे, असे दाखवायचे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही मोजपट्टी फेकून दिली नाही. त्यांनी ती हातात घेऊन तपासली. १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापांचेच आकडे मांडले आणि दाखवून दिले की, या शास्त्रावर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्याआधी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी सांगितलेच होते की जात ही वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक विभागणी आहे.

आणि त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त पाहा. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागतो की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. ते तथागतांकडे येतात. तथागत त्यांना गवत आणि झाडे, किडे आणि मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी असे एकेक दाखले देतात. या प्राण्यांत जातीजातींची वेगवेगळी चिन्हे आहेत, पण माणसांत डोक्यापासून पायापर्यंत पाहिले तरी असे जन्मजात चिन्ह नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. माणसाला शेतकरी, कारागीर, व्यापारी ही नावे त्याच्या कामावरून मिळतात.

खेकड्याच्या गोष्टीशी हे जोडून पाहा. प्राण्यांत खरोखरच वेगवेगळ्या जाती आहेत, तरी तिथेही वरच्या रूपावर भरवसा ठेवून चालत नाही. पाय मोजावे लागतात, बालपण पाहावे लागते, डीएनए तपासावा लागतो. माणसांची तर सारी मिळून एकच जाती आहे. मग नाक, रंग, आडनाव आणि वस्ती पाहून कूळ आणि लायकी ठरवणाऱ्यांकडे कोणते शास्त्र आहे? शास्त्र नाहीच, सवय आहे.

हा धडा मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे

२०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. कारण दिले अभ्यासाचा भार कमी करण्याचे. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सही करून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला, असे सांगण्यात आले. पण जीवशास्त्र घेऊन बारावीपर्यंत कोण जाते? आपल्यातील कितीतरी मुले दहावीनंतर आयटीआयला जातात, कला किंवा वाणिज्य शाखा घेतात, किंवा बापाच्या हाताखाली कामाला लागतात. त्यांच्यासाठी दहावीचे पुस्तक हेच विज्ञानाचे शेवटचे पुस्तक असते. त्यातून हा धडा गेला की तो त्यांच्या आयुष्यातूनच गेला.

आपल्या राज्य मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. तुमच्या घरात असे पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. धाकट्यांसाठी ठेवा. शाळेत हा धडा 'स्वतः वाचा' म्हणून सोडून दिला जात असेल तर पालकसभेत विचारा की आमच्या मुलांना तो केव्हा शिकवणार. विचारण्यासाठी पदवी लागत नाही.

पुस्तक नसले तरी काम अडू नये. बाजारातून खेकडे आणाल तेव्हा साफ करण्याआधी एक ताटात ठेवा आणि मुलांना बोलवा. नांगे कोणते, चालण्याचे पाय किती, शेवटची जोडी टोकदार की वल्ह्यासारखी, शेपूट कुठे लपली आहे, नर की मादी, हे त्यांना शोधू द्या. तुम्ही उत्तर सांगू नका. विहारात रविवारी बालवर्ग भरत असेल तर तिथेही हा तास घेता येईल. वंदना झाल्यावर कुंडीखालचा गोळी होणारा जीव एका वाटीत आणून मुलांना दाखवा आणि पाहून झाल्यावर त्याला जिथून आणला तिथे सोडून द्या.

मुलाने विचारले, "हे असे का?" तर "देवाने केले म्हणून" हे उत्तर आपल्या घरात चालत नाही, हे १९५६ सालीच ठरले आहे. "मला माहीत नाही, आपण शोधू" हे उत्तर मात्र चालते. त्या उत्तरापासूनच अभ्यास सुरू होतो.